चाकांचं टमरेल

हातात टमरेल असलेल्या माणसाला वाटेत थांबवू नये, एवढी रीत गिरगावच्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. आजोबा सांगायचे, गॅलरीच्या टोकाकडे निघालेला माणूस सख्खा मेव्हणा असला तरी त्याला "कुठे निघालात?" म्हणून विचारायचं नाही. इंग्लंडने जगाला शिष्टाचार शिकवले म्हणतात. हा एक शिकवायचा राहून गेलाय.

मी नॅरोबोटीवर राहतो. ग्रँड युनियन कालव्यावर, सध्या मुक्काम बर्कमस्टेडच्या अलीकडे. बोट ५० फूट लांब आणि ६ फूट १० इंच रुंद, कारण इंग्लंडातल्या जुन्या अरुंद कालव्यांवरची लॉक्स, म्हणजे बोट खाली-वर नेणारे दारांचे हौद, जेमतेम ७ फुटांची. रेल्वेचा डबा दोन्ही बाजूंनी दाबून पाण्यात सोडावा तसं घर. कायमची जागा परवडत नाही, म्हणून १९९५ च्या कायद्याप्रमाणे दर १४ दिवसांनी बिऱ्हाड पुढे हलवायचं. लोकांना ह्यात फार काव्य दिसतं. काव्य असतं, जुलैत.

काल पहाटे शेगडी विझलेली होती. रात्री कोळसे रचून हवेची झडप किती उघडी ठेवायची, हे मला चार हिवाळ्यांत जमलेलं नाही. खिडकीच्या चौकटीवर माझाच श्वास थेंब होऊन जमला होता आणि तो एकेक करून माझ्याच कपाळावर परत येत होता. बंड्या, माझा व्हिपेट कुत्रा, रजईत पोटाशी घुसलेला. बाहेर कालव्यावर बर्फाची काच. तसला बर्फ फोडत बोट नेली की शेजारच्या बोटींचे रंग खरवडतात आणि शेजारी ते मरेपर्यंत विसरत नाहीत. म्हणजे बोट हलणार नाही. आणि संडासाचा लाल दिवा मात्र परवापासून लागलेला.

आता हे जरा सहन करा. आमच्या संडासाला खाली एक टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात. साधारण २० लिटरची. भरली की ओढून काढायची आणि कालव्याकाठच्या ठरलेल्या जागी रिकामी करायची. कुणा दयाळू माणसाने तिला चाकं लावलीत, वर खेचायचा दांडाही दिलाय. लांबून बघाल तर थेट विमानात न्यायची केबिन बॅग. आणि बर्कमस्टेडला रेल्वे स्टेशन कालव्याला अगदी खेटून आहे. घोटाळा झाला तो एवढ्यामुळे.

बाकावर एक आजोबा थर्मासमधला चहा पीत बसले होते. काठावर उभं राहून बोटींकडे नुसतं बघत बसणाऱ्यांना इथे खास शब्द आहे, गाँगूझलर. मला तो ऐकला की चाळीतली एखादी गंगू आठवते, जिन्यात बसून सगळ्यांवर नजर ठेवणारी. गाँगूझलरांचा प्रश्न ठरलेला असतो: "हिवाळ्यात आत थंडी वाजते का हो?" त्याची माझ्याकडे तीन उत्तरं तयार आहेत, त्यातलं एक सभ्य आहे. पण ह्यांनी तो विचारलाच नाही. ते आधी बंड्याशी बोलले. इथे माणसाशी बोलायला मधे कुत्रं लागतं.

"काय रे राजा! स्वेटर कुणी विणला?"

"माझ्या आईने," मी म्हणालो. आईने तो माझ्यासाठी विणला होता आणि मी गरम पाण्यात धुतला, हा तपशील गाळला.

आजोबांची नजर कॅसेटवर गेली. चेहरा उजळला.

"अरे वा! ख्रिसमसला घरी?"

इथेच खरं सांगायला हवं होतं. पण त्यांच्या हातात चहा होता.

"हो... म्हणजे, जवळच."

"आईला भेटणार! तिच्यासाठी काय नेताय ह्यात?"

"नाही, नाही. हे सगळं माझंच आहे."

"गाडी सुटेल, द्या इकडे." मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी दांडा धरला आणि गोठलेल्या चिखलावरून गडगडत निघाले. मी मागे, जीव मुठीत. पुलाच्या चढाला ते थबकले. "आत काहीतरी हिंदकळतंय हो."

"लोणचं," मी म्हणालो.

"भारतात लोणचं नेताय?"

"परत करायचंय."

त्यांनी ते गंभीरपणे मान्य केलं. आमच्या संस्कृतीत असेल तसं.

त्यांचा राग नाही. पण ते 'घरी' डोक्यातून जाईना. अकरा वर्षं मी इथे टॅक्स भरतोय, माझा पासपोर्ट त्यांच्याइतकाच निळा आहे. बंड्याकडे तर कसलेच कागद नाहीत, आणि त्याला आजवर कुणी विचारलं नाही की बाबा रे, तू घरी कधी जातोस. माझं घर अर्ध्या मैलावर बर्फात अडकलंय आणि त्याचा जो भाग हलवता येतो, तो आजोबा ओढतायत, हे इंग्रजीत कसं सांगतात मला माहीत नाही.

स्टेशनच्या दारात त्यांनी हात मिळवला. मी हातमोजा काढला नाही. ते दिसेनासे होईपर्यंत प्रवाशांच्या घोळक्यात उभा राहिलो, मग कॅसेट घेऊन पुढे मैलभर चालत गेलो. तिथे दारावर कागद: पाइप गोठल्याने बंद.

परत यायला तोच रस्ता. बाकावर तेच आजोबा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कॅसेटकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"चुकली ना गाडी?"

"चुकली."

"अरेरे," म्हणत ते बाकावर सरकले आणि थर्मासचं झाकण उघडू लागले. बंड्या त्याआधीच त्यांच्या शेजारी चढून बसला होता.