बोटीवरच्या नकाशासाठी विंडोजच हवं, हे खरं नाही

पावसाळा तोंडावर आला की कृष्णा-वारणाकाठच्या गावांत बोटींची डागडुजी सुरू होते आणि त्याच सुमारास एक मेसेज मोबाइलवरून मोबाइलवर फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘बोटीवर नकाशा लावायचा तर नवा विंडोज ११ चा लॅपटॉपच घ्या. नाविक नकाशे विंडोजवरच चालतात. लिनक्स जीपीएस ओळखत नाही. रास्पबेरी पाय खेळणं आहे, पाण्यावर टिकत नाही. मोबाइलवर विसंबू नका. विंडोज एकदा टाकलं की पुन्हा बघावं लागत नाही.’

(लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढा संगणक.) हा मेसेज वाचून गावाची वर्गणी नव्या लॅपटॉपवर खर्च होते, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. लाइफ जॅकेट, दोर, जादा वल्ही आणि ओबीएमचा (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनचा) सुटा प्रोपेलर हे सगळं आधी येतं, कॉम्प्युटर त्यानंतर. आणि तो बहुतेक गावांत आधीच कपाटात पडलेला असतो.

‘नाविक नकाशे विंडोजवरच चालतात’

ओपनसीपीएन हा मोफत चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा प्रोग्राम) विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड चारही ठिकाणी चालतो. एस-५७ प्रकारचे व्हेक्टर (रेघांचे) चार्ट, केएपी प्रकारचे रास्टर (चित्रांचे) चार्ट आणि एमबीटाइल्स (चौकोनी तुकड्यांत साठवलेल्या नकाशाच्या) फाइल तो सगळीकडे सारख्याच उघडतो. मार्ग आणि खुणा जीपीएक्स फाइलमध्ये राहतात. विंडोजवर केलेली जीपीएक्स लिनक्सवर जशीच्या तशी येते.

खरी अडचण निराळीच आहे. डेहराडूनचं राष्ट्रीय हायड्रोग्राफिक कार्यालय भारताच्या समुद्राचे चार्ट काढतं. तुमची बोट रत्नागिरी-मालवणला जात असेल तर ते उपयोगाचे. भिलवडी, औदुंबर, हरिपूर, म्हैसाळ इथल्या कृष्णेसाठी नकाशा आपणच करायचा असतो, आणि हे काम कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर तितक्याच कष्टाचं आहे.

पुरात नकाशावरच्या नदीच्या निळ्या रेघेला अर्थ उरत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अशा वेळी बोट नदीतून नव्हे, शेतांवरून आणि गल्ल्यांतून चालते. धोका असतो तो पाण्याखाली गेलेल्या गोष्टींचा: द्राक्षबागेचे मांडव आणि त्यांच्या ताणलेल्या तारा, विहिरींचे कठडे, कंपाउंडच्या भिंती, प्रोपेलरला गुंडाळणारा ऊस, आणि वर हाताच्या अंतरावर आलेल्या विजेच्या तारा. यांतलं काहीच विकतच्या नकाशात नसतं. मे महिन्यात मोबाइल घेऊन चालत फिरा आणि प्रत्येक ठिकाणी खूण टाका. नाव असं द्या की अंधारात एका नजरेत कळेल: ‘विहीर’, ‘मांडव’, ‘तार’. प्रत्येक गावाची एक जीपीएक्स करा आणि ओपनसीपीएनच्या ‘रूट अँड मार्क मॅनेजर’मधून आयात करा. माणसं उतरवायच्या उंच जागाही त्याच फाइलमध्ये टाका.

या खुणांखालचा मूळ नकाशा क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या प्रोग्राममध्ये होतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशाची माहिती आपल्या संगणकावर उतरवून घ्यायची, तिच्यावर रस्ते, घरं आणि नदी रंगवायची आणि ‘जनरेट एक्सवायझेड टाइल्स – एमबीटाइल्स’ या साधनातून झूम १२ ते १७ पर्यंतची फाइल काढायची. १८-१९ पर्यंत गेलात तर फाइल फुगते आणि जुन्या लॅपटॉपवर नकाशा अडकत सरकतो. क्यूजीआयएससुद्धा विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं.

साताऱ्याकडे, म्हणजे बामणोली-तापोळ्याच्या शिवसागर जलाशयात, प्रश्न खोलीचा आहे. दिवाळीला जिथून बोट सुखाने जाते तिथे मे महिन्यात खडक किंवा जुन्या गावाचा चौथरा वर येतो. म्हणून खोलीची खूण टाकताना त्या दिवशीची कोयना धरणाची पातळी शेजारी लिहा. पातळी धरून मोजलेली ८ मीटर खोली, धरण ५ मीटर उतरल्यावर ३ मीटर उरते. पातळी न लिहिलेली खोली दिशाभूल करते, आणि ती नसलेलीच बरी. इथे मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. सोनारच्या (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणाऱ्या यंत्राच्या) नोंदींतून खोलीचा नकाशा बनवणारं रीफमास्टर हे विंडोजवरच चालतं. एआयएस ट्रान्सपाँडरमध्ये (आपल्या बोटीची ओळख आणि जागा इतर बोटींना रेडिओवरून कळवणाऱ्या यंत्रात) बोटीची माहिती भरायचे प्रोग्रामही बहुतेक विंडोजचेच असतात. पण ही घरी, टेबलावर बसून करायची कामं आहेत. त्यासाठी कुणाचाही विंडोज लॅपटॉप दोन दिवस मागून आणता येतो. बोटीवर तो लागत नाही.

‘लिनक्स जीपीएस ओळखत नाही’

ओळखतं. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच असतो, सीडी किंवा डाउनलोड लागत नाही. तरीही लोकांना तसं वाटतं, आणि त्यामागे चार ठरावीक कारणं आहेत. पहिलं, वापरकर्ता सीरियल पोर्ट उघडायची परवानगी असलेल्या ‘डायलआउट’ गटात नसतो, त्यामुळे पोर्ट दिसतो पण उघडत नाही. गटात नाव घाला आणि लॉग-आउट करून पुन्हा आत या. ही दुसरी पायरी विसरली की माणूस तासभर चाचपडतो. दुसरं, ‘मॉडेम मॅनेजर’ नावाची सेवा यू-ब्लॉक्स चिपच्या डोंगलला (यूएसबीत लावायच्या जीपीएसला) मॉडेम समजून त्याला आज्ञा पाठवत बसते. बोटीवरच्या यंत्रावर इंटरनेटचं डोंगल नसेल तर ही सेवा काढूनच टाका. तिसरं, उबुंटू २२.०४ मध्ये ब्रेल पडद्यासाठीची ‘बीआरएलटीटीवाय’ सेवा सीएच३४० चिपचा यूएसबी-ते-सीरियल कन्व्हर्टर बळकावते. तीही काढा. चौथं, जीपीएसची माहिती इतर प्रोग्रामना वाटणारी ‘जीपीएसडी’ सेवा चालू असताना ओपनसीपीएनला तोच सीरियल पोर्ट थेट दिला जातो आणि दोघांची ओढाताण होते. एकच वाट ठेवा: जीपीएसडी वापरायचं तर ओपनसीपीएनमध्ये नेटवर्क जोडणी, पत्ता लोकलहोस्ट (म्हणजे हेच यंत्र), पोर्ट २९४७, नाहीतर जीपीएसडी बंद आणि थेट सीरियल. थेट जोडताना ‘बाय-आयडी’ फोल्डरातलं लांबलचक नाव निवडा. ते डोंगल कुठल्याही भोकात लावलं तरी बदलत नाही.

आता विंडोजकडे बघा. एनएमईए (जीपीएस ज्या ठरलेल्या रूपात माहिती देतं ते) पाठवणारं उपकरण लावून लॅपटॉप सुरू केला की विंडोज कधीकधी त्याला सीरियल माउस समजतं. मग बाण स्क्रीनभर उड्या मारतो, आपोआप क्लिक होतात, खुणा हलतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘सीरियल बॉलपॉइंट’ शोधून तो ‘डिसेबल’ करायचा. ‘अनइन्स्टॉल’ केला तर पुढच्या वेळी परत येतो. यू-ब्लॉक्सचं डोंगल विंडोजवर ‘लोकेशन सेन्सर’ म्हणून बसलं तर कॉम पोर्टच तयार होत नाही. ड्रायव्हर बदलून ‘यूएसबी सीरियल डिव्हाइस’ करावा लागतो. जुन्या किंवा नकली प्रोलिफिक चिपच्या वायरला विंडोजचा नवा ड्रायव्हर ‘कोड १०’ दाखवून नाकारतो, आणि तीच वायर लिनक्सवर चालते. डोंगल दुसऱ्या भोकात लावलं की कॉम पोर्टचा आकडा बदलू शकतो. शिवाय वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी पोर्ट झोपवतं आणि नकाशावरची बोट जागीच थिजते. पॉवर ऑप्शन्समधलं ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा.

पोर्टवरून माहिती येण्याचा वेग (बॉड रेट) दोन्हीकडे सारखाच जुळवावा लागतो: साधं एनएमईए ०१८३ म्हणजे ४८००, बरीच यूएसबी डोंगल ९६००, एआयएस ३८४००. चुकीचा वेग ठेवला की खिडकीत कचरा अक्षरं दिसतात. ओपनसीपीएनच्या एनएमईए खिडकीत ‘आरएमसी’ने संपणाऱ्या नावाची ओळ शोधा. तिच्यात वेळेनंतर ‘ए’ असेल तर स्थान धरण्याजोगं आहे, ‘व्ही’ असेल तर उपग्रह अजून मिळालेले नाहीत. ‘व्ही’ असताना दोष सिस्टिमचा नसतो. डोंगल पत्र्याखालून बाहेर काढा, यूएसबी ३ च्या निळ्या भोकापासून दूर ठेवा आणि दीड मीटरच्या वायरीने वर उघड्यावर बांधा.

‘नवा विंडोज ११ लॅपटॉपच घ्या’

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, त्यामुळे कपाटातले बरेच लॅपटॉप बाद धरले जातात. ते बाद नाहीत. ४ जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर हलक्या डेस्कटॉपसह डेबियन किंवा मिंट हे लिनक्स टाकलं तर ओपनसीपीएन व्यवस्थित चालतं. नकाशा फाटल्यासारखा दिसला किंवा प्रोग्राम बंद पडला, तर डिस्प्लेच्या प्रगत पर्यायांतलं ‘ओपनजीएल’ काढून प्रोग्राम पुन्हा सुरू करा. जुन्या ग्राफिक्सवर बहुतेक वेळा तेच कारण असतं. यंत्रात हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा, कारण इंजिनच्या थरथरीत फिरती डिस्क मरते.

‘रास्पबेरी पाय टिकत नाही’

हिशेबच मांडू. १२ व्होल्ट, ३५ अँपियर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी अर्धीच वापरायची, म्हणजे साधारण २१० वॉट-तास मिळाले. ४० वॉट खाणारा लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावला की गळती धरून सुमारे ४७ वॉट जातात, म्हणजे साडेचार तास. रास्पबेरी पायची चौथी आवृत्ती (पाय ४) आणि ७ इंची पडदा मिळून १२ वॉटच्या आसपास. कन्व्हर्टरची गळती धरून १३. तीच बॅटरी सोळा तास पुरते. रात्रभर फेऱ्या मारायच्या बोटीला हा फरक फार मोठा आहे.

पाय बंद पडतो तो वीज आणि कार्ड यांमुळे. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपियर लागतात, पाय ५ ला ५ अँपियरचा पुरवठा हवा. मोबाइलच्या बारीक वायरीने व्होल्टेज ४.६३ खाली गेलं की स्क्रीनवर विजेची खूण येते आणि यंत्र मंदावतं. ५ अँपियरचा १२-ते-५ कन्व्हर्टर घ्या, ५.१ व्होल्टवर ठेवा, वायर जाड आणि आखूड वापरा. स्टार्टर असलेल्या ओबीएमच्या बॅटरीवर पाय लावू नका. सेल मारताना व्होल्टेज कोसळतं आणि पाय पुन्हा सुरू होतो. डबा आयपी ६५ चा (धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणारा) घ्या, पण हवाबंद डब्यात पाय ८० अंशांच्या पुढे तापून स्वतःला हळू करतो. म्हणून त्याची उष्णता हीटसिंकने ॲल्युमिनियमच्या झाकणाला द्या आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

चालू असताना वीज गेली की एसडी कार्डवरची फाइल सिस्टिम बिघडू शकते. ‘रास्पी-कॉन्फिग’च्या परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ चालू केली की कार्डावर लिहिणं थांबतं. मग मात्र नव्या खुणाही बंद केल्यावर पुसल्या जातात, म्हणून जीपीएक्स वेगळ्या पेनड्राइव्हवर निर्यात करायची सवय लावा. मेसेज लिहिणाऱ्यांनी पाय बिघडलेला पाहिला असेल, तर तो बहुधा याच दोन चुकांनी बिघडला असणार.

‘मोबाइलवर विसंबू नका’

एकट्या मोबाइलवर नको, हे बरोबर. ओल्या बोटांनी काच ऐकत नाही आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात अँड्रॉइड मागे चाललेलं ॲप मारतं. पण मोबाइलला स्वतःचं जीपीएस असतं, वेगळी बॅटरी असते आणि तीच जीपीएक्स त्यातही उघडते. ॲपला बॅटरी-बचतीतून सूट द्या, नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि मोबाइल पारदर्शक पिशवीत घालून नावाड्याच्या गळ्यात अडकवा. मुख्य यंत्र बुडालं तर परतीची वाट त्याच्यावर दिसेल.

‘एकदा टाकलं की बघावं लागत नाही’

सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. विंडोज अपडेट घेऊन ऐन वेळी रीस्टार्ट होतं. जूनमध्येच सगळे अपडेट घ्या, मग ‘पॉज’ करा. ही स्थगिती पाच आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून जुलैअखेर पुन्हा बघावंच लागतं. लिनक्सवरही पूर ओसरेपर्यंत अपग्रेड करू नका. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते, पाय ५ ला ती वेगळी लावावी लागते. इंटरनेट नसताना तारीख जुनी दिसली तर जीपीएसवरून वेळ जुळेपर्यंत थांबा, नाहीतर मागच्या फेरीची नोंद चुकीच्या दिवसावर पडते.

मे अखेरीस एक चाचणी घ्या. यंत्र बोटीच्याच बॅटरीवर, बोटीच्याच वायरींनी चार तास चालवा. मध्येच वायर उपटा आणि पुन्हा लावा. नकाशा, जीपीएस आणि खुणा कुणीही हात न लावता परत यायला हव्यात. डोंगल काढून दुसऱ्या भोकात लावा. आधीच तयार करून ठेवलेलं दुसरं, जादा एसडी कार्ड किंवा पेनड्राइव्ह प्लॅस्टिकच्या डबीत टेपने झाकणाला चिकटवा, आणि ते बदलायला बोटीवरच्या किमान दोघांना अंधारात, टॉर्चच्या उजेडात शिकवा.