गोळ्या बंद करा असं प्रभूने कुठे सांगितलं?

भायखळा, परळ, शिवडीकडच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक ऑडिओ क्लिप फिरते आहे. मागे कीबोर्डचे संथ सूर, पुढे एक आर्जवी आवाज, खाली लांबलचक मेसेज आणि मेसेजच्या शेपटाला क्यूआर कोड. बोलणारा नाव सांगत नाही, मंडळी (म्हणजे आपलं चर्च) सांगत नाही. "प्रभूचा एक नम्र दास" एवढीच ओळख. सांगणं थोडक्यात असं: यशया ५३:५ प्रमाणे आपला रोग वधस्तंभावर आधीच गेलेला आहे, तेव्हा गोळी घेणं म्हणजे ख्रिस्ताच्या जखमांवर अविश्वास दाखवणं. बायबलमधला आसा राजा वैद्यांकडे गेला म्हणून मेला. पंडिता रमाबाईंनी आयुष्यात औषधाला हात लावला नाही. यिर्मया २९:११ प्रमाणे देवाच्या लेकराच्या वाट्याला आजार आणि गरिबी नाहीच. आणि या सगळ्यावर शिक्कामोर्तब म्हणून ११०० रुपयांचं "विश्वासाचं बी" पेरा, शंभरपट परत येईल. बारा जणांना पाठवा, आशीर्वाद अडवू नका.

एरवी असलं काही आलं की मी डिलीट करून मोकळी होते. या वेळी ते माझ्या मावशीकडे पोचलं आणि तिने मावसभावाच्या टीबीच्या गोळ्या बंद केल्या. म्हणून हे लिहिणं. राग दिसला तर दिसू दे.

औषधाचा मुद्दा आधी घेते, कारण बाकीच्यांनी फार तर खिसा रिकामा होईल, याने माणूस जाईल.

मावसभावाला टीबी निघाला तेव्हा पालिकेच्या दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. फुकट. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. या कोर्सची एक खोड आहे. गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते, अंगावर मांस चढतं. जंतू मात्र संपलेले नसतात. त्यातले चिवट, सुस्त पडून राहिलेले मारायला पुढचे महिने लागतात. नेमक्या याच टप्प्यावर, पोराच्या अंगात जरा जान आल्यावर, मावशीने क्लिप ऐकली. गोळ्यांची पाकिटं पिठाच्या डब्यामागे गेली. लगेचच्या प्रार्थनासभेत मावसभाऊ साक्ष द्यायला उभा! खोकला गेला, वजन वाढलं, प्रभूची स्तुती असो. टाळ्या, हालेलुया. अहो, पण हे सगळं गोळ्या चालू असतानाच झालं होतं ना? साक्ष द्यायचीच होती तर त्या गोळ्यांसाठी तरी देवाचे आभार मानायचे.

मावशीकडे आणखी एक पुरावा होता. "अगं, त्याला लघवी लाल व्हायची, ती आता कशी स्वच्छ झाली बघ. आतलं सगळं वाईट निघून गेलं." मावशी, तो रंग रिफाम्पिसिन नावाच्या औषधाचा. ते पोटात गेलं की लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा लालसर-केशरी होतं. गोळी बंद, रंग बंद. तू ज्याला बरं होणं म्हणतेस ते औषध अंगातून उतरल्याचं लक्षण आहे.

अर्धवट सोडलेल्या कोर्सचं पुढे काय होतं हे मुंबईकरांना सांगायला नको. वाचलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. २०१२ च्या जानेवारीत इथल्याच डॉक्टरांनी नोंदवलेल्या काही रुग्णांची जगभर बातमी झाली होती, कारण ज्या ज्या औषधांवर त्यांचे जंतू तपासले त्यातल्या एकालाही ते दाद देत नव्हते. असला टीबी खोकल्यातून दुसऱ्याला लागतो, तो तसाच कडक लागतो. मावशीच्या खोलीत रात्री पाच माणसं झोपतात, त्यात तिची छोटी नात. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची आज्ञा त्या खोलीलाही लागू आहे.

आता वचनाचं. येशूने आजारी बरे केले हे मी कशाला नाकारू? मत्तय ८:१७ मध्ये यशयाचं तेच प्रकरण रोग्यांना बरं करण्याच्या संदर्भात आलेलं आहे, तेव्हा क्लिपवाल्याला तेवढं श्रेय नाइलाजाने द्यावं लागतं. याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असंही आहे. आमचे पाळक मावसभावासाठी घरी जाऊन प्रार्थना करून आले, मीही रोज करते. पण प्रार्थना करा म्हणजे गोळी टाका, हे कोणत्या ओळीत लिहिलंय ते दाखवा. "निरोग्यांना वैद्याची गरज नाही, तर दुखणाइतांना आहे" हे मत्तय ९:१२ मधलं वाक्य दुसऱ्या कुणाचं नाही, येशूचं आहे.

प्रेषित पौलाचं बघा. तीमथ्याला तो पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढे जातो. एपफ्रदीत मरणाला टेकला होता, हे फिलिप्पैकरांना कळवतो. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी करतो आणि उत्तर मिळतं, माझी कृपा तुला पुरे आहे. पौलाचाही विश्वास कमी पडला होता का? आणि ज्याला तो "प्रिय वैद्य" म्हणतो त्या लूकाने शुभवर्तमान लिहायच्या आधी वैद्यकी सोडल्याचं आम्हाला तरी कुणी वाचून दाखवलेलं नाही.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी मत्तय ४ एकटं पुरेसं आहे. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि म्हणतो, तू देवाचा पुत्र असशील तर उडी टाक. वर शास्त्राचा दाखला देतो, स्तोत्र ९१ चा: देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील. वचन खोटं नव्हतं. पण स्तोत्र उघडून बघा, तिथे "तुझ्या सर्व मार्गांत" तुझं रक्षण करतील असं आहे. चालत्या वाटेवरचं रक्षण, मुद्दाम मारलेल्या उडीवरचं नव्हे. नेमके तेवढेच शब्द सैतानाने गाळले. येशू त्याच्याशी वाद घालत बसत नाही. "परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको," एवढं बोलून विषय संपवतो. टीबीच्या माणसाला गोळी थांबवून "आता देव काय करतो बघू" म्हणायला लावणं हे त्याच टोकावर नेऊन उभं करणं आहे. उडी न टाकणाऱ्या येशूला या क्लिपवाल्याने अविश्वासूच ठरवलं असतं.

आणि ज्यांना खरोखर वाटतं की आपण चमत्काराने बरे झालो, त्यांच्यासाठी लूक १७. दहा कुष्ठरोग्यांना येशू काय सांगतो? जा, स्वतःला याजकांना दाखवा. त्या काळी अंग तपासून हा शुद्ध झाला असं ठरवणं याजकाचं काम होतं, लेवीय १३ आणि १४ अध्यायांत त्याची सगळी रीत दिली आहे. म्हणजे चमत्कार करणाराच तपासणीला पाठवतो. मावशीला मी एवढंच म्हटलं: बरा झालाय ना, मग थुंकी तपासून घेऊ, देवाला रिपोर्टची भीती नाही. त्यावर ती गप्प बसली आणि पिठाचा डबा सरकवला. मावसभाऊ दवाखान्यात जाऊन आला, थुंकीचा नमुना घेतलाय, जंतू औषधाला अजून दाद देतात की नाही ते त्यातून कळेल. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू आहेत. तिथल्या सिस्टरने त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आसा राजाचं आता. २ इतिहास १६:१२ मध्ये खरंच असं आहे की पायाच्या रोगात त्याने परमेश्वराला न शोधता वैद्यांना शोधलं. हे वचन दाखवून भल्याभल्यांना गप्प करता येतं. पण तोच अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. या राजाने मंदिरातलं सोनंरुपं काढून अरामाच्या राजाला दिलं, त्याच्याशी करार केला, आणि हनानी द्रष्टा कानउघाडणी करायला आला तर त्याला तुरुंगात टाकलं. देवाकडे पाठ फिरवण्याचा हिशेब तिथे चालला आहे, वैद्याच्या फीचा नव्हे. नाहीतर २ राजे २० मध्ये हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला खुद्द यशया संदेष्ट्याने का सांगितलं असतं? ज्याचं ५३:५ क्लिपवाला मिरवतोय, तोच यशया.

रमाबाईंचं नाव घेतलं तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं. १८८२ साली हंटर कमिशनसमोर उभं राहून बायकांना वैद्यकीय शिक्षण द्या, बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात, असं सांगणारी ती बाई. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्याही डॉक्टरकी शिकायच्या इराद्याने, कान अधू असल्याने ते जमलं नाही. १९०५ मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये झालेलं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, सगळ्या जगाला ठाऊक आहे. तरीही त्यांचे कान बरे झाले नाहीत आणि त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्याआधी गेली. दुसऱ्या वर्षी त्या गेल्या. यातून कुणाला रमाबाईंचा विश्वास कमकुवत दिसत असेल तर त्याने तसं तोंडावर म्हणावं, त्यांच्या फोटोमागे लपू नये. आणि सांगलीकडच्या लोकांना विचारा, अमेरिकन मिशनने १८९४ मध्ये मिरजेत काय बांधलं: दवाखाना. डॉ. वॉनलेस तिथे आले ते शुभवर्तमान आणि शस्त्रक्रियेची हत्यारं दोन्ही घेऊन, आणि टीबीच्या रुग्णांसाठीचं आरोग्यधाम त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. आपल्याकडे अनेक घरांत ख्रिस्ताचं नाव पहिल्यांदा आलं ते अशाच दवाखान्यांच्या व्हरांड्यांतून.

यिर्मया २९:११ वर फार वेळ घालवत नाही. ते पत्र बाबेलात बंदिवान झालेल्यांना आहे, आणि त्याच्या आधीच्याच ओळीत "सत्तर वर्षं" असा शब्द आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक तिथेच मरणार होते. दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगणारा हनन्या नावाचा संदेष्टाही तेव्हा होता, अध्याय २८. लोकांना साहजिकच तोच आवडला असणार. त्याचं काय झालं ते तिथेच वाचा, माझ्याने मजकूर वाढतोय.

बारा जणांना पाठवायचं म्हणाल तर लहानपणी "इतक्या प्रती काढून वाटा नाहीतर संकट येईल" अशी पोस्टकार्डं यायची, त्यांचाच हा मोबाइल अवतार. उत्तराच्या लायकीचा नाही.

राहिलं बी. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी म्हणजे काय ते येशूने स्वतः सांगून ठेवलंय: "बी हे देवाचे वचन आहे" (लूक ८:११). ११०० रुपये नव्हेत. शंभरपटीचं वचन मार्क १०:३० मध्ये आहे, पण तिथे घरं, भाऊ, शेतं यांच्या जोडीला छळणूकही लिहिली आहे, ती क्लिपमधून गायब. दशांश द्यायला, गरजूला द्यायला माझी ना नाही. आमच्या मंडळीत वार्षिक सभेत पै-पैचा हिशेब वाचला जातो, लोक त्यावरून भांडतातही, आणि ते बरंच आहे. इथे तर बरं होण्याचीच किंमत लावली आहे. अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर भेट घेऊन आला तेव्हा अलीशा संदेष्ट्याने काहीही घ्यायला साफ नकार दिला होता. मागून धावत जाऊन रुपं आणि कपडे उकळले ते त्याचा चाकर गेहजीने, आणि नामानाचा कुष्ठरोग त्याला चिकटला. "तुम्हाला फुकट मिळाले, फुकट द्या" हे मत्तय १०:८ या लोकांच्या बायबलमधून कुणी फाडून नेलं असावं.

मावशीचे पैसे वाचले, कारण तिला क्यूआर स्कॅन करता येत नाही. तिच्या मजल्यावरच्या एका काकूंनी मात्र नातवाकडून पाठवून घेतले आणि वर पावती मागितली. निळ्या टिका आल्या, पावती नाही. ज्यांचे असे पैसे गेले असतील त्यांनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. आणि क्लिप ऐकून कुणी टीबीच्या, साखरेच्या, फिटच्या गोळ्या थांबवल्या असतील तर चुकलेल्या डोसांचं काय करायचं ते घरी ठरवू नका, दोन गोळ्या एकदम तर मुळीच घेऊ नका. जिथून गोळ्या मिळतात तिथेच जाऊन खरं काय ते सांगा. ओरडतील, पण औषध देतील.