सभागृह सोडू नका

आज, ७ डिसेंबर २०२४ रोजी, विधानसभेच्या विशेष अधिवेशनाचा पहिला दिवस होता आणि महाविकास आघाडीच्या आमदारांनी मतदान यंत्रांवरील शंकेचे कारण देत शपथ न घेताच सभागृहाबाहेर पडणे पसंत केले. नेरूळला घरी बसून ती बातमी पाहिली तेव्हापासून माझा संताप आवरत नाही. परवा, ५ डिसेंबरला, आझाद मैदानावर फडणवीस मुख्यमंत्री झाले, शिंदे आणि अजित पवार उपमुख्यमंत्री झाले. या सरकारला आपण निवडून दिलेल्या माणसांचे पहिले उत्तर हेच असावे का, की आज शपथ घेणार नाही, उद्या घेऊ?

माझे वडील उरण तालुक्यातले भातशेतकरी. मी शाळेत असताना एका उधाणात गावच्या खारबंदिस्तीला, म्हणजे खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड गेली, खाडीचे पाणी शेतात शिरले आणि ओसरल्यावर जमिनीवर मिठाचा पांढरा थर उरला. अर्ज देऊन देऊन वडिलांच्या चपला झिजल्या, पण संबंधित कार्यालयातून कोणी फिरकले नाही. आमचे तेव्हाचे आमदार विरोधी बाकांवरचे होते आणि त्यांच्या पक्षाचे सभागृहातले बळ मूठभर होते. त्यांनी तारांकित प्रश्न टाकला, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागणारा प्रश्न. शेतात खारे पाणी शिरले, हे खरे आहे काय, असे छापील प्रश्नात विचारले होते आणि खाली मंत्र्यांचे उत्तर होते: ‘होय, हे खरे आहे.’ वडिलांनी त्या ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत अभियंता टेप घेऊन बांधावर उभा राहिला.

मतदान यंत्रांविषयीची शंका मी उडवून लावत नाही आणि सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या गावकऱ्यांना मतपत्रिकेवर मतदान करून पाहू दिले नाही, हेही चुकलेच. पण ती शंका सभागृहात मांडायची असेल तर आधी शपथ घ्यावी लागते. राज्यघटनेच्या १८८ व्या अनुच्छेदाने सदस्यावर ते बंधनच घातले आहे. आमच्या गावचा प्रश्न विधान भवनाच्या पायऱ्यांवर विचारला असता, तर मंत्र्यांना ‘होय, हे खरे आहे’ असे लेखी द्यावे लागले असते का?

२८८ जणांच्या सभागृहात ठाकरेंच्या शिवसेनेचे २०, काँग्रेसचे १६ आणि शरद पवारांच्या पक्षाचे १० आमदार आहेत. विरोधी पक्षनेतेपदासाठी एकाच पक्षाचे २९ आमदार लागतात असे सांगितले जाते, म्हणजे तेही हाती लागणे कठीणच. इतक्या थोड्या लोकांनी तर एक मिनिटही बाक रिकामे ठेवता कामा नये.

रस्त्यावरच्या लढ्याचे मोल उरण-पनवेलच्या माणसाला कोणी शिकवू नये. १९८४ च्या जानेवारीत शेकापचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आमचे शेतकरी नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध उभे राहिले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या बलिदानातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. पण तेच दि. बा. विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते आणि सरकारला सभागृहात धारेवर धरत होते. त्यांनी दोन्ही आघाड्या सांभाळल्या. आजच्या नेत्यांना एकसुद्धा पेलवू नये, याचा मला राग येतो.

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, कारण आघाडीच्या इतर मतदारांप्रमाणे मीही याच लोकांना मत दिले आहे आणि पराभवाने ते किती खचले असतील हे मला समजते. तरीही ज्यांच्या शेतात आज खारे पाणी उभे आहे, त्यांचा आमदार खचून चालत नाही. वडिलांना आमदाराचा पक्ष किती मोठा आहे याच्याशी कर्तव्य नव्हते. आपला प्रश्न छापून आला, एवढे त्यांना पुरले होते.

नागपूरचे हिवाळी अधिवेशन तोंडावर आले आहे. आमदारांनो, उद्या शपथ घ्या आणि प्रश्न लिहायला बसा. लाडक्या बहिणींना १५०० ऐवजी २१०० रुपये कोणत्या महिन्यापासून मिळणार, जाहीरनाम्यातली कर्जमाफी कधी होणार आणि यासाठी पुरवणी मागण्यांत, म्हणजे अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाच्या मागण्यांत, किती तरतूद केली आहे, याची उत्तरे मंत्र्यांकडून लेखी घ्या.