तीन तासांच्या आत

परदेशी संस्था आपल्या अपघातग्रस्तांवर प्रयोग करतात, ही तक्रार मुंबई-पुण्याच्या चर्चांतून वरचेवर कानी येते. इंग्लंडमध्ये ट्रॉमा (गंभीर दुखापतींच्या) विभागात काम करणाऱ्या माझ्यासारख्या शल्यचिकित्सकाला ती झटकून टाकता येत नाही, कारण इथे आम्ही रोज वापरतो त्या एका औषधाचा पुरावा भारतीय जखमींनीच मोठ्या प्रमाणावर दिला आहे. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची ‘क्रॅश-२’ चाचणी लंडनहून चालवली गेली. ४० देशांतल्या तिच्या २०,२११ रुग्णांत सर्वाधिक भारतातले होते. २०१० साली निकाल लागला, तेव्हा औषध मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी १६ टक्के दगावल्याचे दिसले. पुढच्याच वर्षी असेही स्पष्ट झाले की, दुखापतीला तीन तास उलटल्यावर दिलेले हेच औषध रक्तस्रावाने मरण्याचा धोका वाढवते.

बेशुद्ध माणसाची संमती कोण देणार, हा आक्षेप रास्तच आहे. औषधचाचण्यांतील बेफिकिरी पाहूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये संमतीच्या चित्रीकरणाचा आग्रह धरला होता. मात्र दशकानुदशके वापरात असलेल्या स्वस्त औषधाला आणि कंपनीच्या नव्याकोऱ्या औषधाला एकच माप लावणे मला पटत नाही. नैतिकता समितीची पूर्वमंजुरी असेल तर उपचार आधी आणि संमती नंतर, ही मुभा ब्रिटनमधला कायदा २००६ पासून देतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तशी वाट आहे.

खरा अन्याय चाचणीनंतर सुरू होतो. इंग्लंडमध्ये गंभीर जखमींच्या नोंदीत दुखापतीची आणि औषधाची, अशा दोन्ही वेळा भराव्या लागतात. तीन तासांची अट पाळली की नाही यावर रुग्णालयाचे जादा अनुदानही अवलंबून ठेवले गेले होते. (पैसा अडकला की डॉक्टरांचे अक्षरही सुधारते.) मी भारतात शिकत होतो तेव्हा केसपेपरवर ‘अनोळखी पुरुष, पोलिसांनी आणले’ एवढेच असे, अपघाताची वेळ बहुधा कोरीच. २०२२ मध्ये भारतात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत दगावली, आणि त्यांतल्या कितींना औषध वेळेत मिळाले हे विचारायची सोय नाही. नोंदी ठेवता येत नाहीत असे मात्र नाही: २०१३ पासून दोन वर्षे केईएम आणि शीव रुग्णालयांसह मुंबई, दिल्ली, कोलकात्यातल्या सरकारी रुग्णालयांत हजारो जखमींची पद्धतशीर नोंद झालीच होती. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर फोन कधी आला ही वेळही यंत्रणेत असते. ती केसपेपरच्या पहिल्या ओळीत यावी, एवढी मागणी तरी या चर्चांतून पुढे यायला हवी.