पंप गेलेला नसतो, भाऊ

महिनाभरात एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. ‘कॅम्पर व्हॅनवाल्यांनो (म्हणजे गाडीतच राहण्याची सोय करून हिंडणाऱ्यांनो), पाण्याचे पाच नियम’, खाली लाल ठिपके आणि शेवटी ‘सर्व ग्रुपवर टाका’. नियम असे: एक, नळ बंद असताना पंप मधूनच टरटरला म्हणजे तो गेला, बदला. दोन, पंप फिरतोय पण पाणी येत नाही, तर जास्त ताकदीचा बसवा. तीन, मिनिटभर कोरडा चालला तरी पंप जळतो. चार, दर महिन्याला टाकीत मूठभर ब्लीचिंग पावडर टाका. पाच, थंडीत टाकीत कूलंट ओता, म्हणजे पाइप फुटत नाहीत.

मी जळगावचा. अर्धी उमर ठिबकच्या फिटिंगमध्ये गेली, आणि आता जुन्या ट्रॅव्हलरच्या मागच्या भागात ९० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा पंप आणि एक बेसिन बसवून हिंडतो. त्या अनुभवावर बोलतोय.

आधी पाचवा नियम घेतो, कारण तो जिवावर बेतू शकतो. रेडिएटरमध्ये घालतात ते कूलंट बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉलचं असतं. ते विष आहे. चवीला गोडसर, त्यामुळे पोरांना कळतही नाही, आणि किडन्या निकामी करतं. जिथे पाणी गोठतं अशा देशांत पाइपात वेगळं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं द्रव भरतात आणि पिण्याआधी सगळी लाइन धुऊन काढतात. कुणीतरी तिकडचा व्हिडिओ बघून अर्धवट उतरवलं असणार. धुळ्यात पारा पाच-सहावर येतो, शेकोट्या पेटतात, कबूल. पण पाणी शून्याला गोठतं. लडाखला निघाला असाल तर टाकी रिकामी करा, सगळे नळ उघडा आणि पंप चालवून लाइनीतलं पाणी काढून टाका. ज्यांनी कूलंट ओतलंच असेल त्यांनी त्या टाकीतलं पाणी यापुढे पिऊ नये, स्वयंपाकालाही वापरू नये.

‘पंप चालवून लाइन कोरडी करायची? मग तो जळेल ना?’ हा झाला तिसरा नियम. ही भीती आपल्याकडे बोअरवेलवरून आली. सबमर्सिबल मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते. पाणी खाली गेलं की ती गरम होऊन जळते, आणि खान्देशात ज्याने एप्रिलमध्ये मोटर जाळली नाही असा केळीवाला शोधून सापडणार नाही. कॅम्परमधला पंप त्या जातीचा नाही. तो डायाफ्रामचा, आतला रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा, म्हणजे पाठीवरच्या बॅटरीच्या फवारणी पंपात असतो त्याचाच मोठा भाऊ. फवारताना टाकी संपते, पंप भर्रकन आवाज बदलतो, आपण दोन सरी पुढे जाऊन बंद करतो. जळतो का? आधी हवा ओढून मगच पाणी उचलायचं, ही त्याची रीतच आहे. अर्थात अर्धा तास कोरडा ठेवू नका; मे महिन्यात सीटखालच्या खणात मोटर तशीच भाजत असते. गाडी सोडून जाताना बटण बंद करायचं ते वेगळ्याच कारणाने. मागे एखादा पाइप निसटला तर पंप सगळी टाकी गादीवर रिकामी करतो.

आता पहिला नियम. सगळ्यात जास्त पैसे याच्यापायी वाया जातात.

पंपाच्या डोक्यावर प्रेशर स्विच असतो. नळ बंद केला की लाइनीत दाब चढतो, साधारण ४० ते ५५ पीएसआयला (हे दाबाचं माप) स्विच मोटर बंद करतो. दाब उतरला की पुन्हा चालू. म्हणजे रात्री दोन वाजता पंप ‘टर्र’ करून गप्प झाला, तर तो सांगतोय की कुठून तरी दाब सुटतोय. एवढंच. कुठून, ते शोधायला पंपाच्या बाहेर पडणाऱ्या पाइपावर, पंपाला लागून एक कॉक असावा. तो बंद करा आणि झोपा. तरीही टरटरला तर दोष पंपाच्या आतल्या व्हॉल्व्हमध्ये. गप्प राहिला तर गळती पुढे आहे: संडासचा फ्लश, गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, बेसिनखालचा क्लॅम्प. कॉक नसेल तर प्रत्येक सांध्याखाली जुना पेपर पसरा, सकाळी ओला डाग दिसतो. बाहेरून थेट नळाची लाइन जोडायचं तोंड गाडीला असेल तर त्यातला एनआरव्हीही, म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्हही बघा. तो गळका असला की पंपाचं पाणी त्या तोंडातून बाहेर ठिबकतं.

आणि दोष आतल्या व्हॉल्व्हचा निघाला तरी पंप फेकायचा नाही. आपल्या बोअरचं पाणी किती जड, ते गिझरचं कॉइल बाहेर काढलेल्यांना सांगायला नको. तोच पांढरा थर पंपाच्या रबरी व्हॉल्व्हवर चढतो, नाहीतर वाळूचा कण अडकतो, आणि व्हॉल्व्ह नीट बसत नाही. चार-पाच स्क्रू काढले की डोकं उघडतं. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रबरं भिजवा, बोटाने पुसा, परत बसवा. ठिबकच्या नळ्यांना आपण ॲसिड सोडतो तोच हा प्रकार, घरगुती मापाने. मात्र हे लिंबूसत्त्व आणि ब्लीचिंग एकत्र कधीच नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

नळ थोडासाच उघडला की पंप भराभर चालू-बंद होतो, तो मात्र आजार नव्हे. पाणी कमी जातंय, दाब लगेच चढतोय. आवाज सहन होत नसेल तर लाइनीत छोटी प्रेशर टाकी बसवा.

दुसरा नियम वाचून मला हसूच आलं. विहिरीवरच्या मोटरने हवा धरली तर आपण काय करतो, मोठी मोटर आणतो? फूटव्हॉल्व्ह बघतो, सक्शनचा, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाचा सांधा बघतो, शेणकाला ओततो. इथेही तेच, शेण वगळून. सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या गर्दीत, माझा पंप दहा मिनिटं फिरत राहिला आणि नळातून नुसती फुसफुस. पंपाच्या अलीकडच्या जाळीचं पारदर्शक झाकण धुऊन बसवताना ओ-रिंग मुरगळली होती. सक्शनच्या बाजूने पाणी बाहेर गळत नाही, हवा आत शिरते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. मोठा पंप तीच हवा जास्त जोराने ओढेल.

एकदा तोरणमाळच्या घाटात गाडी तिरकी लावली होती. टाकी पाव भरलेली, पाणी एका कुशीला, आणि सक्शनचं तोंड दुसऱ्या कुशीला उघडं. तिथे दुरुस्ती म्हणजे गाडी चार हात पुढे घेणे. आणखी एक खास आपल्या उन्हाळ्याचा दोष: साधा पारदर्शक पाइप पंचेचाळीस अंशांत मऊ पडतो आणि ओढीने चपटा होतो. सक्शनला दोऱ्याची जाळी असलेला पाइपच हवा, तोही शक्यतो काळा. उजेड लागला की आत शेवाळ धरतं. ठिबकची नळी उगाच काळी नसते.

टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा ये-जा करायचं तोंडही तपासा. कुंभारमाशीने त्यात मातीचं घर बांधलं की टाकीत हवा शिरत नाही, भिंती आत ओढल्या जातात आणि धार बारीक होते. पाणी भरताना उलटं उसळतंय? मग हेच कारण.

पंप मंद वाटत असेल तर वायर बघा. बॅटरीपासून पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर, दीड स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर आणि सात अँपिअर ओढणारा पंप, तर जवळपास ०.८५ व्होल्ट वायरीतच जातो. चार स्क्वेअर टाकली तर ०.३ च्या आसपास. पंप चालू असताना त्याच्याच टोकांवर मल्टिमीटर लावून बघा. बॅटरीवर लावून कळत नाही.

राहिला चौथा. टाकी अधूनमधून निर्जंतुक करावी, हे त्या मेसेजमधलं एकमेव बरोबर. पण ‘मूठभर’ हे माप नव्हे. टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा चुना खाली बसतो आणि जाळी, व्हॉल्व्ह चोंदवतो. शिवाय उघड्या पिशवीतली पावडर उन्हाळ्यात केव्हाच उतरलेली असते. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १०० लिटरला १०० मिली घ्या, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन होतं. प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडा, चार तास ठेवा, सगळं ओतून द्या, वास जाईपर्यंत धुवा. हे पाणी प्यायचं नाही. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असं भारतीय मानक सांगतं, फरक बघा.

हा मेसेज मला पहिल्यांदा पाठवला तो अमळनेरच्या मित्राने. त्याने आधीच नियम पाळला होता. ‘भो, पंप गया’ म्हणत साडेतीन हजारांचा नवीन बसवला. तिसऱ्या रात्री नवीनही टरटरला. गाडीच्या मागच्या बाजूला पाय धुवायचा नळ आहे, त्याचं वॉशर खराब होतं. थेंब थेट मातीत पडायचा म्हणून कुणाला दिसला नाही. काढून टाकलेला जुना पंप मी त्याच्याकडून उचलून आणला. माझ्या गाडीत त्याचा हा दुसरा उन्हाळा. मित्र आता तो परत मागतोय, मी देत नाही.