टिप दिली की सर्व्हिस सुधारते म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आला, काकांनी टाकला होता, वर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स'चा शिक्का. तुमच्याकडेही येऊन गेला असेल. थोडक्यात असं की टिप म्हणजे 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस', तत्पर सेवेची हमी. अमेरिकन माणूस बिलाच्या २० टक्के टिप ठेवतो म्हणून तिकडचा वेटर हसतमुख, आणि आपण बडीशेपेच्या ताटलीत दहाची नोट ठेवतो, तीही कधीकधी जाताना परत उचलतो, म्हणून आपला वेटर तोंड पाडून. जपानमध्ये टिप दिली तर अपमान समजतात, तरी सर्व्हिस जगात एक नंबर. आपल्याकडे टिपची संस्कृतीच नाही. आणि मग खरी गोम, की हॉटेलवाल्याने सर्व्हिस चार्ज लावला तर हुज्जत न घालता भरा, तो त्या गरीब पोराच्याच खिशात जातो. खाली हात जोडलेले चार इमोजी.

मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं वाढलं की ग्रुपवर टाकलं असतं तर काकांनी मला म्यूट केलं असतं, म्हणून इथे.

आधीच सांगते, मी टिपच्या विरोधात नाही. डब्लिनला मास्टर्स करत होते तेव्हा टिपच्या पैशातून हिवाळ्याचे बूट घेतलेत मी. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, ते सगळे तास मी एका रेस्टॉरंटमध्ये प्लेटा उचलण्यात घालवले. त्यामुळे टिप देणाऱ्यापेक्षा टिप कोण देतंय याकडे डोळा ठेवून बसणाऱ्याचं गणित मला जास्त माहितीये.

तर तो फुल फॉर्म. तो मागाहून चिकटवलेला आहे. इंग्रजी चोर-भामट्यांच्या बोलीत 'टिप' म्हणजे दे, सरकव, असा वापर सतराव्या शतकापासून सापडतो, आणि आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची फॅशन आली विसाव्या शतकात. शिवाय हमी या अर्थाने इंग्रजीत 'एन्शुअर' लागतं, मग शब्द 'टेप' झाला असता. खरा अर्थ बघायचा तर दुसऱ्या भाषांत बघा. फ्रेंचमध्ये पूरबुआर, जर्मनमध्ये ट्रिंकगेल्ड, दोन्हीचा अर्थ घोटभर प्यायला पैसे, रशियनमध्ये तर चक्क चहाचे पैसे. आपलं चहापाणी. तत्परता वगैरे कुठेच नाही.

आता अमेरिकेचा दिलदारपणा. तिकडे फेडरल कायद्याने किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेले टिपमधून भरून निघतील असं धरलं जातं, नाही निघाले तर मालकाने भर घालायची, असं कागदावर तरी आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा सात राज्यांत ही सवलत नाही, तिथे मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं (टिप तिथेही मागतात हा भाग वेगळा). म्हणजे बाकी बऱ्याच ठिकाणी ते २० टक्के बक्षीस वगैरे नसतं हो, तो पगार असतो, फक्त मालकाने तो द्यायचं काम गिऱ्हाईकाच्या गळ्यात टाकलेलं असतं. आणि हे काय त्यांच्या रक्तात होतं असंही नाही. टिपची चाल तिकडे युरोपातून आली आणि सुरुवातीला लोकांना ती इतकी खटकली, सरंजामी वाटली, की वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपवर बंदी घातली, मागून अजून काही राज्यांनी घातली. १९२६ पर्यंत ते सगळे कायदे गेले. तोवर गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना नाममात्र पगारावर ठेवून टिपवर जगवण्याची सवय मालकांना लागली होती. पुलमन कंपनीच्या रेल्वे डब्यांतले पोर्टर हे त्याचं ठळक उदाहरण, त्यांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली युनियन काढली आणि कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ उजाडलं. त्यांना टिप नको होती, पगार हवा होता.

बरं, टिपने सर्व्हिस सुधारते हा तर मेसेजचा पायाच आहे, तर तिथे जरा थांबते.

डिसेंबरमधला शनिवार, सगळं हॉटेल भरलेलं, माझ्याकडे आठ जणांचं टेबल, कोणाचातरी वाढदिवस. मी त्या दिवशी सकाळी असाइनमेंट देऊन आले होते आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन सूप गार गेली, एक डिश किचनला सांगायचीच राहिली, केकवर मेणबत्ती लावायला लायटर सापडेना म्हणून मी बारमध्ये जाऊन येईपर्यंत त्यांचं गाणं म्हणून झालं होतं. जाताना त्यांनी पन्नास युरोची नोट ठेवली! पन्नास! कारण ते खुश होते, त्याचा माझ्याशी काडीचा संबंध नव्हता. त्याच महिन्यात एक आजोबा एकटेच यायचे दुपारी, त्यांचा चष्मा मी एकदा कचऱ्याच्या पिशवीत हात घालून शोधून काढला होता, नॅपकिनबरोबर गेला होता तो. त्यांनी माझा हात हातात घेऊन थँक्यू म्हटलं आणि बिलाचे पैसे सुट्ट्या नाण्यांत अगदी बरोब्बर मोजून ठेवले, एक सेंट वर नाही. वाईट अजिबात नाही वाटलं, सांगतेय एवढंच की हे असं असतं.

अमेरिकन टूरिस्ट बसले की आमच्यात नजरानजर व्हायची, कारण ते २० टक्के ठेवणारच, मी हसले काय, नाही हसले काय. त्यांची टिप त्यांनी मेन्यू उघडायच्या आधीच ठरलेली असायची. आणि समजा मी हसून हसून ज्यादा कमावले, तरी आमच्याकडे सगळ्या टिप्स एका डब्यात जायच्या आणि आठवड्याच्या शेवटी तासांप्रमाणे वाटल्या जायच्या, भांडी घासणाऱ्या मुलासकट, तेव्हा माझ्या हसण्याची किंमत माझ्या वाट्याला किती यायची ते तुम्हीच काढा.

हे माझंच रडगाणं नाहीये. कॉर्नेल विद्यापीठातले मायकल लिन कित्येक वर्षं फक्त टिपवर संशोधन करतायत, त्यांनी बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिलं तर टिप कमी-जास्त होण्यामागे चांगल्या-वाईट सर्व्हिसचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत भरतो. त्यापेक्षा जास्त चालतात त्या युक्त्या. टेबलाशेजारी उकिडवं बसून ऑर्डर घेणं, गिऱ्हाईकाने सांगितलेली ऑर्डर त्याच्याच शब्दांत परत म्हणून दाखवणं, बिलाबरोबर गोळ्या-चॉकलेटं ठेवणं. शेवटची आम्ही करायचो. आणि साधी गोष्ट आहे, टिप येते जेवण झाल्यावर. जो माणूस परत कधी त्या दारात येणार नाही तो जाताना काय ठेवतो यावरून आधी वाढलेलं सूप गरम कसं होणार?

एक मात्र प्रामाणिकपणे मान्य करते, ही पद्धत मोडणं सोपं नाही. न्यू यॉर्कमधले मोठे रेस्टॉरंटवाले डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या हॉटेलांतून टिप बंद करायला घेतली, मेन्यूच्या किमती वाढवल्या, लोकांनी कौतुक केलं, आणि २०२० मध्ये त्यांना टिप परत आणावी लागली.

जपानबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे मेसेजने स्वतःच स्वतःला पाडलंय. टिप नाही तरी सर्व्हिस एक नंबर, असं वर लिहायचं आणि टिप नाही म्हणून आपली सर्व्हिस वाईट, असं खाली! अपमान वगैरेही जरा वाढवून सांगितलेलं आहे, तुम्ही टेबलावर पैसे ठेवलेत तर विसरलात असं समजून ते मागे पळत येऊन परत देतील. त्यांच्या पारंपरिक सरायांत, र्‍योकानमध्ये, खोलीची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना पाकिटात घालून पैसे द्यायची रीत आहेच, 'कोकोरोझुके' म्हणतात. उघडी नोट नाही द्यायची. फ्रान्समध्ये अजून सरळ, सर्व्हिसचे पैसे मेन्यूच्या किमतीतच धरलेले असतात, वर नाणी ठेवली तर ठेवली.

आणि आपल्याकडे संस्कृती नाही? मग दिवाळीची पोस्त काय होती? पोस्टमन, वॉचमन, जिना झाडणारी बाई, सगळ्यांची पोस्त ठरलेली. गवयाला बिदागी, तमाशात दौलतजादा, हमालाला 'खुशीने काय द्यायचं ते द्या', आणि बक्षिशी हा शब्द तर फारसीतून आपल्याकडे आला आणि इंग्रजांनी तो पुढे स्वतःच्या डिक्शनरीत नेला. टक्केवारी नव्हती एवढंच. वर्षभर जो माणूस दारात येतो त्याला सणाला द्यायचं हे मला तरी एकदा भेटणाऱ्या वेटरला २० टक्के देण्यापेक्षा जास्त समजूतदार वाटतं, पण ते जाऊ दे.

सर्व्हिस चार्जवर या. इथे मेसेज नुसता चुकीचा नाही, नुकसान करणारा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, म्हणजे सीसीपीएने, ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली की हॉटेलने बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, दुसऱ्या नावाने लावायचा नाही, आणि देत नाही म्हटलं म्हणून आत घ्यायला नकार द्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ ला कोर्टाने त्यांच्या याचिका फेटाळल्या, वर प्रत्येकी एक लाखाचा खर्च बसवला. आता गंमत बघा, दोन हजारांचं खाल्लंत, १० टक्क्यांनी दोनशे सर्व्हिस चार्ज लागला, की ५ टक्के जीएसटी बावीसशेवर लागतो. म्हणजे त्या 'टिप'वरही दहा रुपये टॅक्स. आणि उरलेले दोनशे पोराच्याच खिशात गेले हे बिलावर कुठे लिहिलेलं असतं? आयर्लंडमध्ये डिसेंबर २०२२ पासून कायदाच आहे, सर्व्हिस चार्ज या नावाने घेतलेला पैसा टिपसारखाच स्टाफमध्ये वाटायचा, टिपमधून पगार भागवायचा नाही, आणि वाटप कसं करतो याची पाटी लावायची. आमच्याकडे ती काउंटरजवळ होती, गिऱ्हाईकं वाचायची नाहीत, आम्ही वाचायचो. ब्रिटनमध्येही ऑक्टोबर २०२४ पासून तसंच काहीसं झालं. गरीब पोराची खरंच काळजी असेल तर मेसेज असल्या कायद्याचा फिरवा की! आणि बिलातून चार्ज काढायला नकार दिलाच तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

काकांनी एवढंच विचारलं, मग द्यायची की नाही? द्या ना. फक्त वेटरला हळूच विचारा की कार्डावर टाकलेली टिप तुला मिळते का. तो आधी काउंटरकडे बघेल, मग तुमच्याकडे. त्या बघण्यातच कळतं, मग रोख हातात द्या.

राहता राहिली ती तत्परतेची हमी, तर ती खरोखर विकत मिळायला लागली होती. कॅब बुक करताना, गाडी यायच्याही आधी, लवकर हवी असेल तर टिप वाढवा. या 'अॅडव्हान्स टिप'वरून मे २०२५ मध्ये सीसीपीएने उबरला नोटीस काढली, आणि टिप ही सेवा झाल्यावर द्यायची गोष्ट आहे असं ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशींना जाहीर सांगावं लागलं. काम व्हायच्या आधी, काम लवकर व्हावं म्हणून सरकवलेल्या पैशाला आपल्याकडे चिरीमिरी म्हणतात काका, आणि त्याला फुल फॉर्म लागत नाही.