‘हिरवी शाल’ या आक्षेपाविषयी

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, लपवत नाही. कला आणि डिझाइन यांच्या मदतीने आधुनिक जगाला निसर्गाशी जुळवून घेता येईल, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, ही सिमेंटच्या पापावर पांघरलेली हिरवी शाल आहे, बाकी सगळे कलावंतांचे खेळ, आणि खरा उपाय एकच: गरजा कमी करा, त्याला डिझायनर लागत नाही.

शालीबद्दल तुमचं बरोबर आहे. इटलीतल्या मिलानमधल्या ‘बोस्को व्हर्टिकाले’ या झाडांनी वेढलेल्या इमारतींचं (२०१४) मी जरा जास्तच कौतुक केलं. दोन टॉवरच्या गॅलऱ्यांत मिळून सुमारे ८०० झाडं आहेत खरी, पण मातीसकट त्यांचं वजन पेलायला काँक्रीटही तितकंच भक्कम ओतावं लागतं. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. छाटणीसाठी माळी गच्चीवरून दोर सोडून लटकत खाली येतात. ते दृश्य मला फार आवडतं, आणि बहुधा तिथेच माझा तोल गेला.

एक चूक मात्र तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. झिंबाब्वेतल्या हरारेचं ‘ईस्टगेट सेंटर’ (१९९६) वाळवीच्या वारुळासारखं थंड राहतं, असं मी ठोकून दिलं होतं. आर्किटेक्ट मिक पीअर्स यांना कल्पना वारुळावरूनच सुचली, हे खरं. पण वारुळात हवा तशी खेळत नाही, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे वडाची साल पिंपळाला लागली होती. गंमत अशी की इमारत तरीही चालते, कारण रात्रीची गार हवा पंख्यांनी आत ओढून ती जाड भिंती आणि पोकळ जमिनी थंड करून ठेवते.

आता ‘कलावंतांचे खेळ’. इथे मी तुमच्याशी भांडणार आहे.

१९८२ मध्ये जर्मनीतल्या कासेलला, ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनाच्या वेळी, कलावंत योझेफ बॉइस यांनी संग्रहालयासमोरच्या हिरवळीवर बेसॉल्टचे ७,००० दगड आणून ओतले. अट एवढीच: शहरात एक झाड लागलं की ढिगातला एक दगड उचलायचा आणि त्या झाडाशेजारी उभा रोवायचा. लोक वैतागले. पण ढीग हलवायचा तर झाडं लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं! पाच वर्षं हे काम चाललं. बॉइस १९८६ मध्ये गेले. शेवटचं झाड त्यांच्या मुलाने १९८७ मध्ये लावलं.

तुम्ही म्हणाल, झाडं लावायला दगड कशाला? नगरपालिकाही लावतेच की. लावते, आणि पुढे त्यातली किती जगली हे कुणी मोजत नाही. इथे झाड गेलं तर दगड एकटा उरतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. सुरुवातीला काडीएवढ्या रोपाशेजारी दगडच मोठा वाटायचा. आज झाडं घरांच्या छपरांना भिडलीत आणि दगड बुंध्याशी खुजा होऊन बसलाय. झाडाची वाढ एरवी आपल्याला दिसत नाही, कारण आपण तिच्यापेक्षा घाईत असतो. त्या दगडाने मोजपट्टी दिली. मी याला खेळ म्हणणार नाही.

राहिला तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा, गरजा कमी करण्याचा. तत्त्व म्हणून मान्य. पण कमी करणं हेही रेखाटावंच लागतं. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, चोंगेचॉन ओढ्यावरचा उड्डाणरस्ता पाडून २००५ मध्ये जवळपास सहा किलोमीटरचा प्रवाह पुन्हा उघडा केला. (त्यातलं बरंचसं पाणी पंपाने आणून सोडलेलं आहे, ‘नदी परत आली’ वगैरे मीही म्हणणार नाही.) रस्ता काढायचा, तर त्यावरची वाहतूक जाणार कुठे, पूर आला तर पाणी मावणार कसं, लोक काठाशी उतरणार कुठून, हे सगळं कुणीतरी कागदावर आखलं, म्हणून तो रस्ता गेला. गरजा कमी करा असं नुसतं सांगून तो हलला नसता.

आणि न्यूयॉर्कच्या जॅव्हिट्स सेंटर या प्रदर्शन-केंद्राची काच घ्या. आरशासारख्या काचेवर पक्षी आपटून मरायचे. २०१४ च्या सुमारास नूतनीकरण झालं, तेव्हा बारीक ठिपके छापलेली काच बसवली आणि पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ९० टक्क्यांनी घटले. आत येणाऱ्या हजारो माणसांना पक्ष्यांवर प्रेम करायला कुणी सांगितलं नाही. त्यांच्या सवयीही बदलल्या नाहीत. बदलली ती काच.

‘समन्वय’ हा शब्द मी लेखात सहा वेळा वापरलाय, तो मात्र मागे घेतो. दोन्ही बाजू राजी असल्याशिवाय समन्वय होत नाही, आणि पक्ष्यांना कुणी विचारलेलं नाही.

लेखाच्या माथ्यावरचा मिलानचा फोटोही काढतो आहे. त्या जागी ठिपक्यांच्या काचेचा लावायचं ठरवलं होतं, पण लांबून काढलेल्या फोटोत ते ठिपके दिसतच नाहीत.